खोट नाण्यात नव्हती, फरकात होती

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याला दोन गोष्टी लवकर शिकाव्या लागतात. एक, मालाचा पोत ओळखणे. दुसरी, हातात येणाऱ्या पैशाची खरी किंमत ओळखणे. पहिल्यात चूक झाली तर एखादी गाठ अंगावर पडते. दुसऱ्यात चूक झाली तर पेढीच बसते. म्हणून या वेळी आम्ही व्यापारी बांधवांपुढे जपानची, तीनशे वर्षांपूर्वीची एक हकीकत ठेवत आहोत. ही हकीकत राजांची किंवा तलवारबहाद्दरांची नाही. सरकारी हिशेब सांभाळणाऱ्या अमलदारांची आहे.

1603 ते 1868 या काळात जपानवर तोकुगावा घराण्यातील शोगुनांची हुकूमत होती. सम्राट क्योतोला असत, पण कारभार एदोहून म्हणजे आजच्या टोकियोहून चाले. शोगुनच्या खजिन्याचे अमलदार 'कांजो बुग्यो' म्हटले जात. कांजो म्हणजे हिशेब. हे अमलदार साधारणपणे चार असत. शोगुनच्या मालकीच्या जमिनीचा सारा, खजिन्याची आवक-जावक आणि त्या मुलखातले दावे-खटले, सारे त्यांच्याच हाती. पुढे 1721 मध्ये कामाची वाटणी झाली. काहींनी पैसा पाहायचा, काहींनी न्याय.

त्या जपानमध्ये जन्मावरून दर्जा ठरे, तरी हिशेबाच्या दफ्तरात मात्र लेखणी आणि सोरोबान, म्हणजे मण्यांची मोजपाटी, चालवता येणाऱ्याला वाव होता. साध्या घरातला ओगिवारा शिगेहिदे हा असाच 1674 मध्ये दफ्तरात शिरला. 1687 मध्ये तो हिशेब तपासनीस झाला आणि 1696 मध्ये कांजो बुग्योच्या पदावर चढला.

त्या वेळी खजिन्याची हालत नाजूक होती. पाचवे शोगुन त्सुनायोशी यांचा हात सढळ होता. सोन्याचांदीच्या खाणींचे उत्पन्न घटले होते. उलट बाजार मात्र वाढत होता आणि त्याला नाणे पुरत नव्हते. यावर 1695 मध्ये जो इलाज झाला, त्यामागचे डोके ओगिवाराचे होते. जुनी नाणी परत घ्यायची, वितळवायची, खोट मिसळायची आणि वाढीव नाणी पाडायची. 'कोबान' या सोन्याच्या नाण्याचे वजन तेच राहिले, पण त्यातले सोने सुमारे 84 टक्क्यांवरून 57 टक्क्यांवर आले. चांदीचे नाणे 80 वरून 64 टक्क्यांवर आले. दोन जुन्या कोबानांच्या सोन्यात जवळजवळ तीन नवी नाणी निघू लागली. खजिन्याला सुमारे 50 लाख ऱ्योंचा फायदा झाल्याचे सांगतात. ऱ्यो म्हणजे एका कोबानची किंमत.

आता सराफाच्या नजरेने हिशेब पाहा. 100 जुन्या नाण्यांत जेवढे सोने होते, तेवढ्यात नवी 147 नाणी होत होती. पण जुने नाणे आणून देणाऱ्याच्या हाती सरकार ठेवी फक्त 101. मधला सारा फरक खजिन्यात. साहजिकच लोकांनी जुनी नाणी घरात दडवली. जो दडवू शकला नाही, तो बुडाला.

ओसाकाच्या व्यापाऱ्यांचे तर अधिकच हाल झाले. त्यांचा व्यवहार चांदीत, आणि चांदी तोलून घेतली जाई. 1706 पासून चांदीत पुन्हा पुन्हा खोट घालण्यात आली आणि 1711 च्या नाण्यात चांदी उरली अवघी 20 टक्के. तराजू तोच, वजन तेच, पण पारड्यातला माल पाचातला एक भाग. त्यात 1703 चा भूकंप आणि 1707 मध्ये फुजी पर्वताचा स्फोट. महागाईने लोक हैराण झाले.

आणखी एक बाब आपल्या बांधवांनी ध्यानात ठेवावी. खजिन्यावर नजर ठेवणारे तपासनिसाचे पद 1682 मध्ये निर्माण झाले होते. ओगिवारा त्याच पदावरून वर चढला. पण त्याच्याच अमदानीत, 1699 मध्ये, ते पद बंद झाले. हिशेब लिहिणारा आहे पण तपासणारा नाही, अशी पेढी किती दिवस चालेल? शेवटी सहाव्या शोगुनांचे सल्लागार, विद्वान आराई हाकुसेकी यांनी वारंवार लेखी तक्रारी करून 1712 मध्ये ओगिवाराला पदावरून दूर करवले. तपासनिसाचे पद पुन्हा सुरू झाले. पुढच्याच वर्षी ओगिवारा वारला.

इथे हकीकत संपली असती तर धडा सोपा होता. पण हाकुसेकी यांनी 1714 मध्ये नाणे पुन्हा जुन्या कसाचे केले, तेव्हा बाजारात पैशाची टंचाई झाली. पुढे भाव उतरले, तांदळाचा भाव पडला, आणि तांदळावर जगणारे सामुराई व शेतकरी अडचणीत आले. म्हणजे शुद्ध नाण्यानेही बाजार सुखी झाला नाही. ओगिवाराने निदान पैशाची गरज ओळखली होती, असे आज काही इतिहासकार म्हणतात, ते यामुळेच.

मग 1736 मध्ये आठवे शोगुन योशिमुने यांच्या सरकारने पुन्हा हलके नाणे काढले. कोबानात सोने 65 टक्क्यांच्या आसपास, शिवाय वजनही कमी. पण या वेळी 100 जुन्या ऱ्योंना 165 नवे ऱ्यो दिले. सरकारने स्वतःसाठी थोडे ठेवले, पण फरकाचा मोठा भाग नाणेवाल्याच्या पदरात टाकला. हे नाणे बाजारात रुळले आणि सुमारे 80 वर्षे चालले.

याच काळात एका कापडवाल्याची पेढी वाढत होती. मित्सुई ताकातोशी यांनी 1673 मध्ये एदोत दुकान काढले. रोख पैसे, एकच भाव, घासाघीस नाही, हा त्यांचा कायदा. 1691 पासून सरकारने ओसाकातली रक्कम एदोला पोचवण्याचे काम काही पेढ्यांना दिले, त्यांत मित्सुई होते. ओसाकात सरकारी चांदी घ्यायची, तो पैसा मुदतीपर्यंत धंद्यात फिरवायचा, क्योतोचे कापड एदोत विकायचे आणि मुदत भरताच एदोच्या खजिन्यात सोने भरायचे. आपल्या हुंडीचाच हा प्रकार. गंमत पाहा, सरकारच्या नाण्यावर व्यापाऱ्याचा भरवसा उरला नव्हता, पण व्यापाऱ्याच्या कागदावर सरकारचा होता.

आमच्या धंद्यातही सुतात भेसळ नवी नाही. मिश्र सुताचे कापड मिश्र म्हणून, त्याच भावाने विकले तर त्यात खोटेपणा नाही. गरीब गिऱ्हाईक ते आनंदाने नेते. निव्वळ सुती म्हणून सुतीच्याच भावाने गळ्यात मारले, तर मधला फरक एकदाच मिळतो आणि गिऱ्हाईक कायमचे जाते. 1695 आणि 1736 मधला फरक एवढाच आहे.