घरातल्या हवेतली साडेबारा सेंटिमीटरची लाट

हॉलमधल्या राउटरमधून साधारण ०.१ वॅट इतक्या ताकदीच्या रेडिओलहरी बाहेर पडतात. दोन भिंती ओलांडून त्या आतल्या खोलीतल्या मोबाइलपाशी पोचतात तेव्हा त्यातला उरतो वॅटचा अब्जावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. आणि तेवढ्यावर मोबाइल अख्खा सिनेमा दाखवतो! वायफाय मधूनच तुटतं यात नवल नाही. ते चालतं, हेच नवल.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. ही लहर एकाच वाटेने येत नाही. छत, फरशी, आरसा, लोखंडी कपाट अशा सगळ्यांवर आपटत ती अनेक वाटांनी, किंचित मागेपुढे, मोबाइलपाशी येते. दोन लहरींचे उंचवटे एकावर एक आले की सिग्नल वाढतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. जोरदार जागा आणि मेलेली जागा यांच्यात कधीकधी दोन बोटांचंच अंतर असतं. म्हणून व्हिडिओ अडकला की लॅपटॉप वीतभर सरकवून पाहावा. हा तोडगा भाबडा वाटतो, पण त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे.

या प्रतिध्वनींच्या गोंधळातून मजकूर शाबूत कसा काढायचा, याचं एक महत्त्वाचं उत्तर १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत सापडलं. तिथले जॉन ओ'सुलिव्हन हे मूळचे रेडिओ-खगोलशास्त्राचे. फुटणाऱ्या कृष्णविवरांचे क्षीण संदेश टिपण्याच्या खटाटोपात कमावलेलं गणित त्यांच्या या कामी आलं. कृष्णविवरांचे ते संदेश काही सापडले नाहीत. मला ही हकिकत फार आवडते.

मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, तोही शेकडो वॅटवर. त्याच्या दारातून निसटणारा अंशही वायफायला भारी पडतो. शेजाऱ्यांचे राउटरही त्याच पट्ट्यात बोलतात, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तिथे तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण त्या लहरी भिंतीत लवकर दमतात. तेव्हा राउटर टीव्हीमागे किंवा कपाटात कोंडू नका. घराच्या मध्यावर, उंच, उघड्यावर ठेवा. त्याच खोलीत बसणार असाल तर ५ निवडा, लांबच्या खोलीत २.४.

पण या सगळ्याआधी एक चाचणी करा. राउटरच्या अगदी जवळ उभे राहा. तिथे नेट नीट चालत असेल तर दोष हवेतल्या वाटेचा. सिग्नलच्या दांड्या पूर्ण असूनही काहीच उघडत नसेल, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. तरीही काही हललं नाही, तर फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’ दिवा पाहा. तो लाल असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. फायबर कुठे तुटली असेल, नाहीतर कोपऱ्यात फार वाकली असेल. सेटिंग बदलून काही होणार नाही, नेटवाल्यालाच बोलवा. आणि तो येईपर्यंत फायबर उपसून तिच्या टोकाला डोळा लावू नका. आतला लेझर अवरक्त असतो. तो दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.