घुमटाचा भार पेलतो कोण? (लेखमाला ‘दगड आणि चुना’, भाग 4)

मागच्या भागात आपण कमान पाहिली. कमान स्वतःभोवती फिरवली की घुमट तयार होतो, आणि कमानीचे दुखणेही घुमटात उतरते. भिंतीला टेकवलेल्या शिडीचे पाय जसे बाहेर सरकू पाहतात, तसा घुमट आपल्या भिंती बाहेर ढकलत असतो. हा रेटा कसा आवरायचा?

रोमच्या पॅन्थिऑन मंदिराने त्याचे थोर उत्तर दिले. सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत, इ. स. 126च्या सुमारास ते पूर्ण झाले. घुमटाचा आतला व्यास 43.3 मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. चुना आणि ज्वालामुखीची राख यांचा गारा करून त्यात दगडाचे तुकडे घातले. तळाशी जड, माथ्याकडे हलके, शेवटी सच्छिद्र प्युमिस. पायथ्याशी सुमारे 6 मीटर असलेली जाडी वर 1.2 मीटरवर येते. आतल्या बाजूच्या चौकोनी खणांनी वजन आणखी घटवले. माथ्यावर तर सुमारे 9 मीटरचे उघडे वर्तुळच ठेवले. उरलेला रेटा जाडजूड भिंतींनी पेलला.

आता आपल्या भागात येऊ. शिरूर-दौंडकडच्या वाचकांना भुलेश्वर परिचयाचा आहे. दौंड तालुक्यातल्या यवतहून वर चढले की पुरंदरच्या हद्दीतल्या माळशिरसच्या डोंगरावर हे यादवकालीन शिवमंदिर लागते. बाहेरून भिंती तटासारख्या साध्या. अंधाऱ्या जिन्याने आत गेले की काळ्या दगडातले कोरीवकाम समोर येते.

यादवकाळातले कारागीर छत घालताना रेटा निर्माणच होऊ देत नसत. दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत काढायचा, त्याची मागची बाजू वरच्या वजनाने दाबून धरायची आणि मोकळी जागा थराथराने मिटवत न्यायची. सगळा भार सरळ खाली जातो. मात्र दगड दाब सोसतो, वाकणे सोसत नाही. म्हणून दोन आधारांमधले अंतर लहान ठेवावे लागते आणि मंडपात खांबांची दाटी होते. त्या दाटीमुळेच शिल्पींना कोरायला एवढी जागा मिळाली.

आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने 17व्या शतकात या डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला. मंदिरावरचे विटा-चुन्याचे घुमटही उत्तरकालीन आहेत. म्हणजे एकाच वास्तूत खाली आडव्या थरांची रीत आणि वर घुमटाची रीत, दोन्ही शिकायला मिळतात. हे शिक्षण टिकवायचे तर अशा वास्तूंच्या डागडुजीत चुन्याच्या जागी सिमेंट थापू नये. सिमेंट आत मुरलेली ओल अडवून ठेवते आणि जुनी वीट कुजवते. भुलेश्वरला जाल तेव्हा दर्शनानंतर मान वर करून छताचे थर नीट पाहा, मुलांनाही दाखवा.

पुढच्या आठवड्यात : विजापूरच्या गोलघुमटाने रेटा कसा आवरला?