मागून येणाऱ्या घराचे टायर

गाडीच्या टायरमधली हवा उतरू लागली की चालवणाऱ्याला ते आधी हाताला कळतं. स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागतं, सीटखाली थरथर जाणवते, चाकांचा आवाज बदलतो. ट्रेलरच्या बाबतीत यातलं जवळजवळ काहीच होत नाही. अमेरिकेत पिकअप ट्रकच्या मागे जोडून जे कॅम्पिंगचे ट्रेलर ओढतात, त्यांची चाकं चालकापासून बरीच मागे, दुसऱ्याच सांगाड्याखाली असतात. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये एका चाकाची हवा निम्म्यावर आली, तरी शेजारचं चाक तो भार उचलून धरतं आणि ट्रेलर सरळ चालत राहतो. चालकाला कळतं ते थेट धडाक्याने, नाहीतर शेजारच्या लेनमधला कुणी हात करून मागे दाखवतो तेव्हा. म्हणूनच या टायरची खरी काळजी ट्रेलर उभा असतानाच घ्यावी लागते. उन्हाळ्यात असा ट्रेलर भाड्याने किंवा विकत घेऊन मुलाबाळांसह ग्रँड कॅन्यनला, यलोस्टोनला निघणारी मराठी कुटुंबंही आता आहेत. त्यांच्यातल्या नवख्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे.

आधी टायर फुटतो कसा ते पाहू. वजन उचलण्याचं काम रबर करत नाही, आत कोंडलेली हवा करते. ट्रेलरवर सर्रास दिसणारं एक माप आहे, एसटी 225/75 आर 15. यातलं ‘एसटी’ म्हणजे स्पेशल ट्रेलर, फक्त ट्रेलरसाठी बनवलेला कडक बाजूंचा टायर. या मापाच्या टायरमध्ये 80 पीएसआय हवा असेल तर तो 2,830 पौंड, म्हणजे सुमारे 1,280 किलो पेलतो. तोच टायर 65 पीएसआयला 2,540 पौंड पेलतो आणि 50 ला फक्त 2,150. रबर तेच, तारा त्याच, रिम तीच. चार चाकांचा हिशेब केला तर 80 वरून 65 वर येताना ट्रेलरची क्षमता 1,160 पौंडांनी घटते, आणि बाहेरून बघणाऱ्याला टायर पूर्वीसारखाच टणक दिसतो. लाथ मारून किंवा अंगठ्याने दाबून हवा तपासण्याची सवय इथे काहीच कामाची नाही.

हवा कमी पडली की टायर जमिनीला टेकतो तिथे जास्त चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. या मापाचा टायर ताशी 65 मैलांच्या वेगाला सेकंदाला जवळपास तेरा फेरे घेतो, म्हणजे त्याचा प्रत्येक भाग सेकंदाला तेरा वेळा दबतो आणि सुटतो. लोखंडी तार हाताने पुढेमागे वाकवत राहिलं की ती वाकते तिथे गरम होते, तसंच हे रबर आतून तापतं. रबरातून उष्णता सहज बाहेर पडत नाही, ती आतच साठत जाते. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे रबराने एकमेकांना चिकटवलेले असतात. त्या पट्ट्यांच्या कडांशी ही चिकट पकड आधी सुटू लागते. मग आत पापुद्रा निघतो, तो वाढतो, आणि एके दिवशी नक्षीचा सगळा पट्टा सोलून निघतो किंवा बाजू फाटते.

यातली सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट अशी की ही इजा भरून येत नाही. मागच्या सहलीत शंभर मैल कमी हवेवर पळालेल्या टायरमध्ये आज पुरेपूर हवा भरली, तरी सुटलेली पकड पुन्हा जुळत नाही. तो टायर पुढच्या महिन्यात, अगदी बरोबर हवेवर, भलत्याच ठिकाणी फुटतो आणि लोक म्हणतात, हवा तर सकाळीच तपासली होती! फुटण्याच्या क्षणाचं कारण शोधत बसण्यापेक्षा त्या टायरने आजवर काय सोसलं ते विचारावं.

हेच गणित अमेरिकेने 2000 साली फार मोठी किंमत देऊन पाहिलं. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर नक्षी सोलून फुटत होते आणि गाड्या उलटत होत्या. ऑगस्ट 2000 मध्ये कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. या प्रकरणाशी जोडलेल्या अडीचशेहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. टायरची घडण, कमी हवा, उष्ण प्रदेश, वेग आणि भार या सगळ्यांची चर्चा झाली आणि त्याच वर्षी अमेरिकी संसदेने ट्रेड ॲक्ट नावाचा कायदा केला. आज प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्यावर जो पिवळा दिवा लागतो, तो या कायद्यामुळे. मोटारींच्या टायरसाठी चाचण्याही कडक झाल्या. पण हवेच्या दिव्याची सक्ती ट्रेलरला लागू झाली नाही, आणि नव्या कडक चाचण्यांमधून एसटी टायर वगळले गेले. ते जुन्याच मानकावर राहिले. मला हे आजही खटकतं. ज्या चाकांची खबर चालकाला सगळ्यात उशिरा लागते, त्यांनाच कायद्याचं पाठबळ सगळ्यात कमी आहे. ती उणीव मालकानेच भरून काढायची.

सुरुवात हवेपासून. हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे ट्रेलर निदान तीन तास उभा असताना आणि उन्हाने टायर तापण्याआधी. पेट्रोल पंपावरच्या नळीच्या काट्यावर विसंबू नका; शंभर पीएसआयपर्यंत मोजणारा चांगला गेज स्वतःजवळ ठेवा. किती हवा हवी ते ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात बाहेरून चिकटवलेल्या पाटीवर लिहिलेलं असतं. बहुतेक कॅम्पिंग ट्रेलरवर टायरच्या बाजूवर छापलेला कमाल आकडाच पाटीवरही असतो. मोटारीसारखी ‘थोडी कमी ठेवली की धक्के कमी बसतात’ ही सूट ट्रेलरला नाही.

तापमान दहा अंश फॅरनहाइटने वाढलं की 80 पीएसआयच्या टायरमध्ये जेमतेम दोन पीएसआय वाढतात. पहाटेच्या गारव्यात 80 भरून निघालात आणि दुपारी मोहावेच्या वाळवंटात हवा साठ अंशांनी गरम झाली, तर गेजवर तेवढ्यानेच दहा-अकरा पीएसआय जास्त दिसतील, शिवाय चालण्याची उष्णता वेगळी. हे अपेक्षितच आहे आणि टायर बनवणाऱ्यांनी ते धरलेलं आहे. घाबरून हवा काढू नका. तापलेल्या टायरमधून हवा काढणारा माणूस टायर वाचवतो आहे असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात तो दुसऱ्या दिवशीच्या कमी हवेची तयारी करत असतो. उलट बाजूही ध्यानात असू द्या: दुपारच्या उन्हात 80 भरलेला टायर थंड पहाटे 70 च्या आसपास उतरलेला असतो. म्हणून मुक्कामाच्या दर सकाळी गेज लावायचा.

आता वजन. ट्रेलर विकताना सांगितलेलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. मग त्यात कपडे, भांडी, डाळ-तांदूळ, खुर्च्या, सायकली, गॅसच्या टाक्या चढतात. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की एकट्या पाण्याचे 330 पौंड होतात. अंदाजाने काही कळत नाही, काट्यावर चढवायलाच हवं. महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. थोड्या डॉलरांत ट्रकचे आणि ट्रेलरचे ॲक्सल वेगवेगळे मोजून छापील पावती मिळते. सहलीसाठी लागतं ते सगळं भरून, माणसं बसवून मोजा. आलेलं वजन टायरच्या एकूण क्षमतेच्या अगदी टोकाला जाऊन भिडत असेल, तर वरच्या भारश्रेणीचे टायर बसवण्याचा विचार करा, आधी रिम तेवढ्या दाबाची आहे का ते पाहून. पंधरा-वीस टक्के क्षमता हाताशी राखलेली बरी. कारण वजन चारही चाकांवर सारखं कधीच नसतं: फ्रिज, ओटा आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला आली की ती बाजू शेकडो पौंडांनी जड होते. ट्रेलर जोडल्यावर लांब उभं राहून तो समतल आहे का तेही पाहा. नाक वर राहिलं की मागच्या ॲक्सलवर बोजा जातो.

वेगाबद्दल मला आग्रहानेच सांगायचं आहे. एसटी टायर परंपरेने ताशी 65 मैलांसाठी, म्हणजे सुमारे 105 किलोमीटरसाठी बनवले जातात. हल्लीच्या बऱ्याच टायरवर वेगाचं अक्षर असतं, एल म्हणजे 75 मैल, एम म्हणजे 81. अक्षर नसेल तर 65 हीच मर्यादा धरा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच 55 मैलांची मर्यादा आहे. पण शेजारच्या राज्यांत पाटी 75 ची, काही ठिकाणी 80 ची लागते आणि ताकदवान पिकअपला मागचं ओझं जाणवत नाही. पाटीवरचा आकडा रस्त्याचा असतो, तुमच्या टायरचा नव्हे. बार्स्टो ते लास व्हेगास हा आय-15 चा पट्टा याची पुरेपूर परीक्षा घेतो. वाटेतल्या बेकर गावी 134 फूट उंच थर्मामीटर उभा आहे, जवळच्या डेथ व्हॅलीत 1913 साली नोंदवलेल्या 134 अंश फॅरनहाइटची आठवण म्हणून. अशा ठिकाणी जुलैत पहाटे निघून दहा-अकरापर्यंत मुक्काम गाठणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या सरळसोट 701 किलोमीटरवर जुने टायर घेऊन न थांबता पळणाऱ्या मोटारींनाही वेग आणि उष्णतेचं हेच गणित लागू पडतं.

ट्रेलरचे टायर झिजून क्वचितच बाद होतात, वयाने होतात. वर्षातले दहा महिने ते एकाच जागी उन्हात उभे असतात. नक्षी नव्यासारखी खोल दिसते आणि आतलं रबर मात्र कडक होऊन गेलेलं असतं. बाजूवर डीओटीने सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे पाहा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, त्यामुळे बॅटरी घेऊन ट्रेलरखाली वाकावं लागेल. तीन ते पाच वर्षांत टायर बदलावेत असा सर्वसाधारण सल्ला आहे. उष्ण प्रदेशात मी पाचव्या वर्षाची वाट पाहणार नाही. जुना ट्रेलर विकत घेताना हे आकडे किमतीच्या बोलण्यात आणा. स्टेपनीचंही वय मोजा. खाली वाकलाच आहात तर आतल्या बाजूवरून हात फिरवा. फुगवटा, चीर, नक्षीचा एखादाच उंच किंवा झिजलेला पट्टा हाताला लागला तर तो टायर रस्त्यावर नेऊ नका. एकच कड झिजत असेल तर ॲक्सल वाकला आहे का ते तपासून घ्या. ट्रेलर उभा ठेवताना टायर कापडाने झाका, खाली फळी घाला, हवा पूर्ण ठेवा.

कॅम्पिंगच्या जागेत ट्रेलर मागे घेताना घट्ट वळण घेतलं, की एकामागोमाग असलेली दोन चाकं वळत नाहीत, आडवी घासटली जातात. टायरच्या बाजू तेव्हा कशा मुरडतात ते एकदा खाली उतरून पाहाच. जागा असेल तर दोनदा पुढेमागे करा, पण रुंद वळा.

एका गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर हवेवर नजर ठेवणाऱ्या सेन्सरवर करा. व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवून बसवायचे सेन्सर आणि डॅशबोर्डवरचा छोटा पडदा मिळून प्रत्येक चाकाचा दाब आणि तापमान सांगतात. मात्र साधा रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतच चालतो. 80 च्या टायरला आणि सेन्सरच्या वजनाला धातूचा व्हॉल्व्ह हवा, टायर बदलताना तो दुकानदाराकडून मागून घ्या. प्रत्येक थांब्यावर चाकांभोवती एक फेरी मारा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल आणि हबही गरम असेल, तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक हे कारण असू शकतं. चाक काढून बसवलं असेल तर 10, 25 आणि 50 मैलांनंतर टॉर्क रेंचने नट पुन्हा आवळा.

एवढं करूनही टायर फुटलाच, तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नका. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचला. ट्रेलर डोलू लागला तर ट्रेलरचे ब्रेक लावणारी हातातली कळ हलकेच दाबा, आणि वेग उतरू देत रस्त्याच्या कडेला या. रहदारीपासून दूरच्या बाजूने उतरा, मुलांना ट्रेलरमागे उभं राहू देऊ नका. स्टेपनी चढवण्याआधी चाकाच्या वरच्या पोकळीत बॅटरी मारा. सुटलेला पट्टा चाबकासारखा फिरत तळाची फळी, वायर, सांडपाण्याची नळी आणि कधी गॅसची नळीही तोडतो. गॅसचा वास आला तर टाक्या बंद करा आणि स्विच दाबू नका. त्याच बाजूच्या शेजारच्या टायरने मधल्या काळात जवळजवळ दुप्पट भार ओढलेला असतो. तो धड दिसत असला तरी पुढच्या गावी दोन्ही टायर एकदमच नवे घ्या.