बर्फ धरला म्हणजे गॅस कमी?

उन्हाळ्यात एसीचा गारवा कमी झाला, इनडोअर कॉइलवर बर्फ धरला, की निदान ठरलेलं असतं: गॅस कमी झालाय, भरावा लागेल. गाडीतल्या पेट्रोलसारखा एसीतला गॅस वापरून संपतो, हा समज त्यामागे आहे. मुळात ती बंद नळ्यांची यंत्रणा. तोच गॅस आत उकळून वायू होतो आणि बाहेर पुन्हा द्रव होतो. तो खरंच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

त्याहून घातक समज बर्फाचा. बर्फ गॅस कमी असताना धरतो, तसा फिल्टर धुळीने चोंदल्यावरही धरतो, आणि गेज दोन्ही वेळा कमीच दाब दाखवतं. समजा, आर-२२ च्या जुन्या एसीवर गेज ५५ पीएसआय दाखवतंय. त्या दाबाला हा गॅस साधारण उणे १ अंशाला उकळतो. आता बाहेरच्या युनिटपाशी, कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड पाइपला थर्मामीटरचा क्लॅम्प लावा. पाइप १७ अंश भरला, तर सगळा गॅस उकळून झाल्यावर आणखी १८ अंश तापलाय. या फरकाला सुपरहीट म्हणतात. तो इतका मोठा असेल तर कॉइलला गॅस पुरत नाहीये. पाइप १ अंशच भरला, तर फरक जेमतेम २ अंशांचा: गॅस भरपूर आहे, पण कॉइलवरून पुरेशी हवा जात नसल्याने नीट उकळत नाही. दाब एकच, दुखणी उलटी. या दुसऱ्या एसीत गॅस भरला, तर न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो, तेल पातळ करतो, बेअरिंग झिजवतो. जास्त शिरला तर व्हॉल्व्हही मोडतो, कारण द्रव दाबला जात नाही. पहिल्या एसीतही धोका आहेच. सीलबंद कॉम्प्रेसरची मोटर परतणाऱ्या गॅसनेच थंड राहते. तो थोडा आणि गरम आला की वाइंडिंग तापतं, तेल करपतं.

मुरलेल्या हाताला पाइपचा गारवा कळतो, असं मेकॅनिक म्हणतात. पण १ अंश आणि ६ अंश हाताला सारखेच गार लागतात, आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य नेमकं त्या ५ अंशांत आहे. इन्व्हर्टर एसीबाबतचा आक्षेप मात्र रास्त आहे: तिथे कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, अनेक मॉडेलांत इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह सुपरहीट स्वतःच सांभाळतो, त्यामुळे एका आकड्यावरून गॅस किती आहे ते ठरत नाही. अशा वेळी गळती बुजवून, व्हॅक्यूम करून, युनिटच्या पट्टीवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजूनच गॅस भरावा. आणि गेज जोडण्याआधी, एसी कुठलाही असो, फिल्टर काढून धुवावा.