मनाची खिन्नता आणि मेंदूचें चित्र

घरांतील एखादें माणूस महिनोन्‌महिने खिन्न राहिलें, अन्न गोड लागेनासें झालें, झोप उडाली, म्हणजे ‘मन घट्ट कर’ असा उपदेश आपण करतों. अलीकडे दुसरेंही एक वाक्य कानीं येतें : ‘त्याच्या मेंदूंतील सेरोटोनिन कमी झालें आहे.’ पहिल्या वाक्यांत रोग्याला दोष आहे, दुसऱ्यांत नाहीं. म्हणून तें अधिक दयाळू खरें. परंतु तें सत्य आहे काय, हें आज पाहूं.

सेरोटोनिन प्रथम रक्तांत ओळखलें गेलें. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनीं १९४८ सालीं तें वेगळें काढलें. १९५३ सालीं बेटी ट्वॅरोग व पेज यांनीं तें मेंदूंतही असल्याचें दाखविलें. या कथेशीं आपल्या सर्पगंधेचाही संबंध आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं या मुळीचा रक्तदाबावरील गुण जगापुढें मांडला. तिच्यांतील रिसर्पीन मेंदूंतील सेरोटोनिनचा सांठा रिता करतें, असें थोड्याच वर्षांत आढळलें. आणि तें घेणारे कांहीं रोगी खिन्न होतात, असेंही डॉक्टरांनीं नमूद केलें. सेरोटोनिन घटलें कीं मन खचतें, या तर्काला त्यामुळें बळ आलें.

तर्क तपासावयाचा तर जिवंत मेंदूंत डोकावलें पाहिजे. तें काम पॉझिट्रॉन-चित्रण करतें. किरणोत्सर्गी कार्बन जोडलेलें द्रव्य अत्यल्प प्रमाणांत शिरेंतून देतात. हा कार्बन सुमारें २० मिनिटांत निम्मा होतो. द्रव्य मेंदूंतील ठराविक जागीं जाऊन बसतें, व तेथून येणाऱ्या किरणांवरून यंत्र चित्र रचतें. मात्र त्यांत सेरोटोनिन स्वतः दिसत नाहीं. सभागृहांतील रिकाम्या खुर्च्या मोजून श्रोते किती आले याचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार आहे.

टोरांटो येथील संशोधकांनीं अशा चित्रांवरून दाखविलें कीं, नेहमींच्या मात्रेंत हीं औषधें सेरोटोनिन परत ओढून घेणारीं सुमारें ८० टक्के द्वारें अडवितात. परंतु द्वारें अडण्यास कांहीं तास पुरतात. मन सुधारण्यास आठवडे लागतात. केवळ तूट भरून काढण्याचाच प्रश्न असता, तर एवढा विलंब कां व्हावा ?

लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ व सहकाऱ्यांनीं २०२२ सालीं पूर्वींचें संशोधन एकत्र तपासून, या तुटीला सुसंगत पुरावा नाहीं असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षीं लंडनच्याच इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं १७ खिन्न व २० निरोगी व्यक्तींना सेरोटोनिन मोकळें करणारें औषध देऊन चित्रें घेतलीं. निरोग्यांत खुर्च्या भरल्या. खिन्नांत तितक्या भरल्या नाहींत. प्रयोग लक्षणीय खरा, पण लहान. वाद मिटलेला नाहीं.

मग गृहस्थानें काय समजावें ? हे निष्कर्ष समूहांच्या सरासरीचे आहेत. एकट्याचें चित्र काढून त्याच्या खिन्नतेचें निदान होत नाहीं. तसेंच, उपपत्ति डळमळली म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाहीं. ॲस्पिरिन १८९९ पासून प्रचारांत होतें. तें कसें गुण देतें याचा उलगडा जॉन वेन यांनीं १९७१ सालीं केला. तेव्हां चालू असलेली गोळी कोणीं स्वतःच्या मनानें एकाएकीं सोडूं नये, डॉक्टरांना विचारावें. आणि शास्त्रज्ञांचा वाद कोठेंही जावो, खिन्न माणसाला दोष न देण्यासाठीं आपल्याला त्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाहीं.