वतन, वृत्त आणि उझबेक कवी

‘वतन’ हा शब्द आपल्याकडे फारसी दफ्तरांतून आला आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या वंशपरंपरागत हक्काला, त्या हक्कापायी माजणाऱ्या भाऊबंदकीला चिकटून राहिला. ताश्कंद-अंदिजानच्या मुलखात मात्र तोच शब्द मायभूमी या अर्थाने नांदतो, आणि विसाव्या शतकातील उझबेक कविता ही, एका परीने, या वतनाच्या दाव्यातील कवींची कैफियतच होय.

तिचा आरंभ चोल्पानपासून करावा. हे टोपणनाव, अर्थ शुक्राची चांदणी. बाबराच्या जन्मगावी, अंदिजानास, जन्मलेला हा कवी अरबी-फारसी ‘अरूझ’ वृत्तांचा दरबारी डौल बाजूस सारून ‘बारमोक’ छंदाकडे वळला. बारमोक म्हणजे बोट. आपल्या ओवी-अभंगांप्रमाणे येथे अक्षरे मोजावयाची, ती बोटांवर. उद्ध्वस्त देशाला उद्देशून लिहिलेल्या त्याच्या कवितेत गौरव जवळजवळ नाही. आहेत ते प्रश्न, आणि तेही त्या देशालाच विचारलेले. ४ ऑक्टोबर १९३८ रोजी ताश्कंद येथे त्याला, फित्रत व कादिरी या समकालीन लेखकांसह, ठार करण्यात आले.

पुढे १९६८ मध्ये एर्किन वाहिदोव याने ‘ओझबेगिम’ हा कसीदा रचला, तेव्हा चोल्पानने सोडलेले अरूझ त्याने बुद्ध्या हाती घेतले. त्याचे वृत्त ‘गालगागा गालगागा गालगागा गालगा’, म्हणजे आपली देवप्रियाच; मराठी गझलेचा कान असलेल्याला अर्थ न कळताही ताल ओळखीचा वाटेल. रदीफ म्हणून पुनःपुन्हा येणाऱ्या शीर्षकशब्दातील अंत्य ‘इम’ म्हणजे ‘माझा’. सोव्हिएत जनतेच्या सामुदायिक गौरवाचा तो काळ. त्यात पूर्वजांची नावे घेत ‘माझ्या उझबेका’ अशी हाक घालणे पक्षाच्या अधिकाऱ्यांना राष्ट्रवादाचा दर्प असलेले वाटले, यात नवल नाही. तथापि विचाराच्या दृष्टीने, माझ्या मते, चोल्पानच अधिक खोल: वाहिदोवपाशी वारसा आहे, चोल्पानपाशी शंका.

ती शंका अब्दुल्ला ओरिपोव याच्या तरुणपणीच्या एका कवितेत पुन्हा भेटते. आपण उझबेकिस्तानवर प्रेम का करतो, हाच तिच्या शीर्षकातील प्रश्न. पुढे १९९२ मध्ये स्वतंत्र देशाच्या राष्ट्रगीताचे शब्द त्यानेच लिहिले. चाल मात्र १९४७ ची, सोव्हिएत प्रजासत्ताकाच्या गीताचीच, कायम ठेवण्यात आली.