पाच स्पीकर आणि एक खुर्ची

चित्रपट रंगात आला आहे. जखमी म्हातारा नायकाच्या कानात काहीतरी महत्त्वाचे सांगतो आहे. पण घरात कोणालाच ते ऐकू येत नाही! ताई आवाज वाढवते. पुढच्याच क्षणी पडद्यावर स्फोट होतो, कपाटातली भांडी थरथरतात आणि आजी कानांवर हात ठेवते. होम थिएटर असलेल्या पुष्कळ घरांत हे नेहमीचेच आहे. दोष बहुधा यंत्राचा नसतो. स्पीकरांच्या पातळ्या जुळवायच्या राहून गेलेल्या असतात.

अशा संचात सामान्यतः समोर तीन स्पीकर, बाजूला किंवा मागे दोन, आणि खालच्या स्वरांसाठी सबवूफर असतो. रिसीव्हर नावाची पेटी या सर्वांना वाजवते. गंमत अशी, की चित्रपटातील बहुतेक संवाद समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो मंद असेल तर सगळाच आवाज वाढवून काय उपयोग? संवादाबरोबर स्फोटही वाढणारच!

"मग सर्व स्पीकर सारखे ठेवावेत," असे तुम्ही म्हणाल. पण सारखे कोठे? स्पीकरपाशी की तुमच्या कानापाशी? समजा, समोरचा स्पीकर तुमच्यापासून ३ मीटरवर आणि मागचा दीड मीटरवर आहे. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे दोन्ही सारखेच वाजत असले तरी कानाशी मागच्याची तीव्रता चौपट! अर्थात हे मोकळ्या मैदानातले गणित झाले. खोलीत भिंती, छत व फरशी ध्वनी परत फेकतात, त्यामुळे फरक याहून कमी भरतो. किती कमी, ते मोजूनच पाहावे लागते.

रिसीव्हरवर प्रत्येक स्पीकरपुढे ०, +२, -३ असे आकडे दिसतात. ते डेसिबेल होत. इथले शून्य म्हणजे शांतता नव्हे, बरे का! डेसिबेल हे गुणोत्तर सांगते. ३ डेसिबेल वाढवले की शक्ती दुप्पट होते, ६ ने चौपट, १० ने दहापट. आपला कान मात्र मोठा कंजूष. शक्ती दहापट झाली तरी त्याला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो.

जुळवणीसाठी रिसीव्हर एकेका स्पीकरमधून धबधब्यासारखा 'सूंऽऽ' आवाज काढतो. त्यात प्रत्येक सप्तकाला सारखीच ऊर्जा दिलेली असते. ध्वनिमापक आपण बसतो त्या जागी, कानाच्या उंचीवर धरावा आणि प्रत्येक स्पीकरचा आकडा एकच येईपर्यंत, सहसा ७५ डेसिबेल, त्याची पातळी कमीजास्त करावी. मापक नसेल तर मोबाइलमधील ध्वनिमापकही चालतो. त्याचा आकडा तंतोतंत बरोबर नसेल. पण आपल्याला तुलनाच करायची आहे.

संवाद नीट ऐकू आले की आवाज वाढवण्याचा मोह आपोआप कमी होतो, आणि हा लाभ लहान नाही. अमेरिकेत कामगारांसाठी केलेल्या एका शिफारशीनुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला ८ तासच ऐकावा, ८८ चा ४ तास. दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी!

सबवूफर मात्र हट्टी. खोली ५ मीटर लांब असेल तर ३४ हर्ट्झच्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी तीत बरोबर मावते. मग भिंतींशी तो स्वर घुमतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. तेथे बसून पातळी कितीही चढवली तरी भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाच त्रास व्हायचा. अशा वेळी आकड्यांना हात लावू नये. खुर्ची हातभर मागे सरकवावी आणि पुन्हा ऐकावे.